भीत भीत दिलेलं

अल् खुवैर, मस्कत
५ डिसेंबर २०२४

मिल्कामावशी,

मायना कसा लिहायचा हे विसरले आहे, तेव्हा वाकून नमस्कार केला असं समजा. मी नूतन, सलीलची बायको. लग्नानंतर अलिबागला आलो होतो तेव्हा तुम्ही माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. त्यानंतर आपलं नीट बोलणं असं कधी झालंच नाही. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही असं सलील सांगतो. आणि घरातून मला बोलायची सोयही नाही. ऑफिसमधून, जेवणाच्या सुट्टीत ही ईमेल लिहितेय.

सलील खूप आजारी आहे. मधुमेह जुना आहे, ते तुम्हाला ठाऊक असेल. आता दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सप्टेंबरपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. त्याचं शरीर ते फार सोसत नाही, डॉक्टर म्हणतात लवकर किडनी बदला. आणि माझी किडनी त्याला जुळते, मावशी! सगळ्या तपासण्या झाल्या, मुंबईचं हॉस्पिटल तारीख मागतंय. एवढं सगळं जुळून आलं आणि सलील म्हणतो, नको.

का नको, तर म्हणे कब्बाला.

गेलं वर्षभर तो दर शुक्रवारी संगणकावर एक वर्ग करतो. ज्यू लोकांचं अध्यात्म, असं त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, करू दे, पत्त्यांपेक्षा बरं. आता ऐकते तर काय, माणसाचा अहंकार म्हणजे त्याची घेण्याची इच्छा. सगळं स्वतःसाठी ओढून घ्यायची हाव. ती आवरली तरच माणूस वर चढतो. म्हणून हा आता कोणाकडूनच काही घेत नाही. शेजारच्या अंबरीनने पाठवलेली खीर परत केली. माझ्या हातचा डबासुद्धा नेत नाही, स्वतःची खिचडी स्वतः लावतो.

इथे कोणाकडेही गेलं की आधी काहवा, म्हणजे अरबी कॉफी, येतो, बिनकानाच्या छोट्या कपात. पुरे झालं की कप हलवायचा, तोवर यजमान ओतत राहतो. पहिलाच कप नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. मी मस्कतला नवी आले तेव्हा हे मला सलीलनेच शिकवलं होतं. गेल्या महिन्यात त्याने कंपनीच्या मालकाच्या, अर्बाबच्या, हातचा पहिला कप नको म्हटला. वीस वर्षांचा संबंध. अर्बाब म्हणे नुसता बघत राहिला.

मावशी, माझ्या ओळखीत ज्यू असं तुमचंच एक घर. तुम्ही त्याच्या शाळेतल्या बाई, लहानपणापासूनच्या शेजारी. त्याला एक शब्द लिहा, की तुमच्या धर्मात घेतलेलं चालतं. मी लिहिलं हे मात्र त्याला कळू देऊ नका. मला फार भीती वाटते. त्याचा श्वास मोजत बसते.

तुमची,
नूतन


इस्रायल आळी, अलिबाग
९ डिसेंबर २०२४

नूतन पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सलीलचं इतकं बिघडलंय आणि मला कोणी कळवू नये? असो, रागवायची ही वेळ नाही.

आधी तुझा एक मोठा गैरसमज दूर करते. मी ज्यू आहे म्हणून मला कब्बाला येत असेल, असं तुला वाटलं. अगं, आम्ही कोकणातले शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, एवढ्यावर आमच्या पूर्वजांनी धर्म टिकवला. कब्बाला कोण शिकणार? माझे वडील म्हणत, ते पुस्तक चाळिशीच्या आत आणि रिकाम्या पोटी उघडू नये, डोकं फिरतं. सलीलचं वय बसतं, पण पोटाचं बघ कसं झालंय.

हसतेय म्हणून रागावू नकोस. मी घाबरले की मला थट्टा सुचते, हे आळीत सगळ्यांना माहीत आहे.

हा मुलगा आमच्या कुंपणातून आत शिरायचा, आणि तोही कधी, तर मलिदा असेल तेव्हा नेमका. मलिदा म्हणजे पुढाऱ्यांचा नव्हे हो. आमच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरं, साखर, वेलची कालवून, वर पाच फळं ठेवून ताट करतात. प्रार्थना झाली की वाटतात. त्या ताटाभोवती सलील माझ्या मुलांना ढकलून पुढे बसायचा. घ्यायला तेव्हा लाजत नसे.

तो काय वाचतो, काय ऐकतो, ते मला पाठव. मी तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत, कुठे घोटाळा झाला ते शोधून काढीन. तोवर तू कंबर कस आणि त्याला ठणकावून सांग. नवऱ्याच्या असल्या हट्टांना फार किंमत द्यायची नसते.

घाबरू नकोस.

मिल्कामावशी


अल् खुवैर
२२ डिसेंबर २०२४

मावशी,

ठणकावून सांगितलं. उलटंच झालं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं घेऊन मी जगू? तीच तर लाजेची भाकरी."

ही लाजेची भाकरी काय आहे ते त्याच्या वर्गातलंच. सोबत त्याचे कागद फोटो काढून पाठवतेय. मला समजलं तेवढं असं, की देवाने जीवाला सगळं काही दिलं, पण न कमावता मिळालेलं खाताना जीवाला लाज वाटली. म्हणून त्याने तोंड फिरवलं आणि आपल्यापुढे एक पडदा धरला. स्वतःसाठी घेणार नाही, असा पडदा. तिथून आत्म्याचा प्रवास सुरू होतो म्हणे. वाचायला चांगलं वाटतं. माझ्या घरात मात्र तो पडदा मधे आल्यापासून मला नवरा दिसत नाही.

मागच्या आठवड्यात एक डायलिसिस चुकवलं. मला खोटं सांगितलं, जाऊन आलो म्हणून. संध्याकाळी पाय बघितले तर सुजून मोज्याचा वळ उठला होता. तिथल्या नर्सला, रुबिनाला, फोन केला तेव्हा कळलं. मी ओरडले, अंतरा रडायला लागली. पंधरा वर्षांची पोर, तिला आम्ही अर्धंच सांगितलंय. सलील तिला जवळ घेऊन म्हणाला, "खलास, संपलं आता, उद्या जातो." दुसऱ्या दिवशी गेला, पण माझ्या गाडीतून नाही. टॅक्सीने.

मी सांगते तो माणूस कसा होता. कोकणातून नोकरीला आलेल्या कोणाची विमानतळावर सोय नाही, सलील हजर. अल खौदला कोणाच्या मुलाला विद्यापीठात सोडायचंय, सलील हजर. सगळ्या मराठी मंडळींना त्याचा नंबर पाठ. आता तीच माणसं भेटायला येतात तर हा झोपल्याचं सोंग करतो.

हॉस्पिटलने फेब्रुवारीचा मध्य सुचवलाय. तो हो म्हणत नाही. मला काही सुचत नाही, मावशी, ऑफिसात आकडे चुकतात.

नूतन


अलिबाग
२ जानेवारी २०२५

नूतन,

कागद सगळे वाचले. डोळ्यांतून पाणी येईतो वाचले, कारण फोटो तिरके काढलेस. आणि सापडली चूक!

सलील सातवीत असताना प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहायला सुरुवात करायचा. "कारणे द्या आणि परिणाम सांगा" असं असलं की हा कारणं देऊन मोकळा. इथेही तेच. त्याने अर्धा धडा वाचलाय.

पहिला अर्धा असा, की घेण्याची हाव हा अहंकार, तिला आवर घाल, नको म्हणायला शीक. इथे त्याने कागद मिटले, कारण आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं तेच. अहंकार मारा, सगळं सोडा, निरिच्छ व्हा. त्याला वाटलं, अरे हे तर आपलंच. पण नूतन, हे लोक अहंकार मारायला सांगतच नाहीत. त्यांचं म्हणणं, घेण्याची इच्छा देवानेच केली, ती नसेल तर माणूस म्हणजे बूड नसलेलं भांडं. नको म्हणायचं ते एवढ्याचसाठी, की आपल्याला नको म्हणता येतं हे आधी कळावं. मग पुढची पायरी, घ्यायचं. देणाऱ्याला द्यायचा आनंद मिळावा म्हणून घ्यायचं. मग ते घेणंच देणं होतं. हे त्याच्याच कागदांत आहे, शेवटच्या तीन पानांवर, आणि तिथे त्याने पेन्सिलीची एक रेघ ओढलेली नाही. बाकी पानं रेघांनी भरलीत.

मी त्याला सरळ ईमेल केली आहे. तुझं नाव घेतलेलं नाही. लिहिलंय, की तुझ्या आजाराचं अलिबागच्या बाजारात कळलं, आणि सगळ्यांना देत फिरणारा आणि कोणाचंच न घेणारा माणूस हा जगातला सगळ्यात मोठा अहंकारी. चांगलं झाडलंय.

आता तुला एक विचारते, मनात आलं म्हणून. तुझी दोन पत्रं झाली. त्याचा श्वास, त्याचे पाय, त्याचा हट्ट, सगळं लिहिलंस. तुझं पोट कापणार आहेत, त्याबद्दल एक ओळ नाही. तुला स्वतःची भीती वाटत नाही का गं?

मिल्कामावशी


अल् खुवैर
६ जानेवारी २०२५

मावशी,

तुम्ही त्याला लिहिलंत, फार बरं केलंत. तो दोन दिवस गप्प आहे. म्हणजे वाचलंय.

मला कसली भीती? मी धडधाकट आहे. एका किडनीवर माणसं डोंगर चढतात असं डॉक्टरांनी सांगितलंय. मला दुसरं काही सुचतच नाही, फक्त तो हो म्हणू दे. माझी काळजी अजिबात करू नका. मला काही म्हणजे काही होत नाही.

घाईत आहे.

नूतन


मस्कत
१४ जानेवारी २०२५

मिल्कामावशी,

तुमच्या हातचा मार शाळेत खाल्ला होता, आता वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा. नमस्कार करतो आणि उत्तर देतो. अलिबागच्या बाजारात कळलं असं तुम्ही लिहिलंत. बाजाराचं नाव नूतन आहे, हे मला समजतं. तिला काही बोललो नाही.

मावशी, तुमचं निदान चुकलं. मी धडा पूर्ण वाचलाय. शेवटच्या तीन पानांवर रेघ नाही, कारण ती पानं मला तोंडपाठ आहेत. देणाऱ्याच्या आनंदासाठी घ्यावं. पण देणाऱ्याला आनंद होत असेल तर ना?

ऑक्टोबरात रिपोर्ट आले, त्याच दिवशी आम्ही कुरुमला औषधांच्या दुकानात गेलो होतो. नूतन गाडीत थांबली. मी औषधं घेऊन परतलो तेव्हा ती तिच्या बहिणीशी, कल्पनाशी, फोनवर बोलत होती. काच खाली होती. ती म्हणत होती, "मी देईन गं, नाही कसं म्हणू? पण त्यानेच नको म्हणावं असं वाटतं. डोळे मिटले की मला टेबलावर झोपवलेलं दिसतं. अंतराचं काय होईल?" मी मागे फिरलो. दुकानात परत जाऊन उगीचच कफाच्या गोळ्या घेतल्या. दहा मिनिटांनी आलो तर ती हसून म्हणाली, "किती वेळ!"

घरी येऊन मी नको म्हटलं.

वर्ग तर आधीपासूनच चालू होता. मग त्यातलं सगळं माझ्या कामी आलं. कब्बालाचं नाव घेतलं की नूतन भांडते, पण रडत नाही. खीर, काहवा, डबा, हे सगळं मी ओढून आणलं, एकच गोष्ट नाकारली तर तिला संशय आला असता. नंतर नंतर खरं काय आणि नाटक काय ते माझं मलाच कळेनासं झालं. भीत भीत दिलेलं मी घेऊ शकत नाही. तिने मनापासून दिलं असतं, निर्भयपणे, तर दोन्ही हातांनी घेतलं असतं.

तुम्हाला म्हणून सांगतो, मला मरायची फार भीती वाटते. यंत्रावर चार तास पडून असतो तेव्हा छताकडे बघून घाम फुटतो. हे मी कोणाला बोललेलो नाही.

नूतनला यातलं काहीही सांगू नका. तुम्हाला एलियाहू हन्नाबीची शपथ.

सलील


२४ जानेवारी २०२५

मिल्काआजी,

मी अंतरा. मम्माच्या ईमेलमधून लिहिते. माझी मराठी रायटिंग चांगली नाही, सॉरी.

बाबा हॉस्पिटलमध्ये आहे. आज फ्रायडे. सकाळी तो बोलला मी कुरुम बीचला जरा बसून येतो. तो दोन डायलिसिसला गेला नव्हता. आम्हाला माहीत नव्हता. मम्माने खूप फोन केले, तो उचलला नाही. मग आम्ही गेलो अंबरीन आंटीच्या कारमध्ये. बाबा गाडीत होता, एसी चालू, विंडो बंद. त्याला श्वास घेता येत नव्हता. त्याचे लिप्स निळे होते. मम्मा काच मारत होती हाताने. मग त्याने लॉक उघडला.

डॉक्टर बोलले छातीमध्ये पाणी भरलं. आता आयसीयू. मम्मा बाहेर बसली आहे आणि कोणाशी बोलत नाही. तिचा हात सुजला आहे. मी विचारलं कोणाला सांगू, ती बोलली मावशीला.

आजी, बाबा मरणार का? सगळे इन्शाल्ला इन्शाल्ला बोलतात. मला कोणी खरं सांगत नाही. प्लीज तू सांग.

अंतरा


अलिबाग
२६ जानेवारी २०२५

चि. अंतरा,

तू चांगलं लिहिलंस, मला सगळं कळलं. खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. बाबा मरेल की नाही ते मला माहीत नाही. परवा वाचला. मम्माची किडनी घेतली तर पुष्कळ जगेल असं डॉक्टर म्हणतात. आता हे खालचं पत्र मम्माला आणि बाबाला दे. बाबाला खोलीत आणलं की दोघांनी एकत्र वाचायचं. एकट्याने नाही. तू पहारा कर.

सलील आणि नूतन,

माझ्याकडे तुम्हा दोघांचंही एकेक गुपित आहे, आणि दोघांनीही एकमेकांपासून लपवायला सांगितलंय. सलीलने तर शपथ घातली. मी दहा दिवस ती पाळली. पाळली म्हणून तो त्या गाडीत काच बंद करून बसला. अंतराची ईमेल वाचून जिन्यातच बसून राहिले. तेव्हा आता शपथ मोडतेय. एलियाहू हन्नाबीशी माझं मी बघून घेईन, ओळख जुनी आहे.

नूतन, सलील कब्बालामुळे नको म्हणत नाहीये. ऑक्टोबरात कुरुमला तू गाडीत कल्पनाशी बोललीस ते त्याने ऐकलं. त्यानेच नको म्हणावं असं वाटतं, ते.

सलील, नूतनने मला लिहिलंय की तिला कसलीच भीती वाटत नाही. इतक्या वेळा "नाही" लिहिलंय, की तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता दोघंही माना खाली घालून ऐका.

सलील, तू लिहिलंस की भीत भीत दिलेलं मी घेऊ शकत नाही. मी तुला म्हटलं होतं की तू अर्धा धडा वाचलास. चुकले. धडा तू पूर्ण वाचलास, पण अहंकार कुठे लपलाय ते तुला सापडलं नाही. तो तुझ्या "निर्भयपणे" या शब्दात आहे. बायकोने पोट कापून द्यायचं आणि वर घाबरायचंही नाही! तुला दान हवंय तेही डाग नसलेलं, धुतलेलं. तू कोण लागून गेलास? तिला भीती वाटते आणि तरीही ती तपासण्यांना गेली, रक्त दिलं, तारीख विचारत राहिली. याच्याहून मनापासून म्हणजे आणखी काय असतं?

मलिद्याचं ताट आठव. आमच्या घरात माझ्या आईचा नियम होता, आपला वाटा आपण उचलायचा नाही. शेजारच्याने तुझ्या ओंजळीत घालायचा, मग तू पुढच्याच्या. आईला शेवटी कंपवात झाला होता. तिच्या हातून पोहे निम्मे चटईवर सांडायचे. तू तिच्या डाव्या हाताला बसायचास. तिचा हात थरथरला म्हणून तू कधी ओंजळ मागे घेतलीस का रे? खाली सांडलेलेसुद्धा वेचून खायचास. तेव्हा तुला कब्बाला येत होता, आता वर्ग लावून विसरलास.

नूतन, तुला रागावत नाही. घाबरली नसतीस तर मला तुझी जास्त काळजी वाटली असती. पण त्याच्यासमोर घाबर. त्याला बघू दे.

माझंही एक सांगते. माझ्या मुलीने इस्रायलमधल्या अश्दोदहून दोन वर्षांपूर्वी कानाचं यंत्र पाठवलंय. खोक्यात तसंच आहे. तिचं कशाला घ्यायचं, मला काय कमी आहे, असं म्हणून मी ते उघडलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. हे पत्र लिहिताना लाज वाटली. उद्या उघडते.

मिल्कामावशी


अल् खुवैर
३ फेब्रुवारी २०२५

मावशी,

पत्र वाचलं. अंतरा खरंच दाराशी उभी राहिली, रुबिना सिस्टरलासुद्धा आत सोडलं नाही.

मोठ्याने मीच वाचत होते. कुरुमच्या ओळीपाशी आले आणि थांबले. मावशी, ते माझेच शब्द, आणि ते त्याने ऐकले होते, आणि त्यानंतर मी रोज त्याला हट्टी म्हणत होते. मला तोंड लपवायला जागा नव्हती. सलीलने हातातून टॅब घेतला आणि पुढचं तो वाचायला लागला. त्याला धाप लागत होती, थांबत थांबत वाचलं. "तू कोण लागून गेलास" ला तो हसला. नंतर मलिद्याचं वाचताना रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मग मी त्याला तेही सांगितलं जे कल्पनालाही सांगितलं नव्हतं. तो नको म्हणाला त्या दिवशी मला हुश्श झालं होतं. स्वयंपाकघरात जाऊन मी गॅसच्या कट्ट्याला धरून उभी राहिले आणि सुटले बाई, असं मनात आलं. आणि लगेच त्याच्या मरणाची भीती आली. तेव्हापासून दोन्ही भीती माझ्या पोटात आहेत, एकीला दाबलं की दुसरी वर येते.

त्याने टॅब बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आता वाटते भीती?"

म्हटलं, "हो. खूप. रक्ताचीसुद्धा वाटते, तुला माहीत आहे."

तो म्हणाला, "मलाही वाटते. मला मरायचं नाहीये, नूतन."

आणि त्याने दोन्ही हात जोडून ओंजळ केली. एका हाताला सलाईनची सुई होती, त्यामुळे ती नीट जुळत नव्हती. म्हणाला, "दे."

माझे हात इतके थरथरत होते की मी त्याच्या ओंजळीत नुसते ठेवून दिले. तो ते धरून बसला.

दुसऱ्या दिवशी अर्बाब भेटायला आला. सोबत थर्मास आणि छोटे कप. सलीलला पाणी मोजून असतं, तरी त्याने रुबिनाला विचारून एक कप घेतला आणि अर्बाबला म्हणाला, त्या दिवशी माझं चुकलं. अर्बाब म्हणाला, "आधी पी." कप संपल्यावर सलीलने तो हलवला.

दहा तारखेला आम्ही मुंबईला येतोय, त्याच्या पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. अंतरा कल्पनाकडे राहील. मावशी, काही बदललेलं नाही, मी अजून तितकीच घाबरलेली आहे. काल बॅग भरताना दोनदा उघडून पुन्हा भरली. मधेच वाटतं पळून जावं. मग त्याला जाऊन सांगते, सलील, आत्ता मला पळून जावंसं वाटतंय. तो म्हणतो, बस इथे. मी बसते.

नूतन


अलिबाग
५ फेब्रुवारी २०२५

नूतन,

तेरा तारखेला आमचा झाडांचा सण आहे, तेव्हा मलिदा होतोच. तुम्ही अलिबागला यायची दगदग करू नका, मीच मांडव्याहून बोटीने डबा घेऊन येते. सलीलला खोबरं, सुका मेवा चालत नसेल तर डॉक्टरांना विचारून चिमूटभर पोहे. ते त्याच्या हातात तू घालायचेस, मी नाही. सांडले तर सांडू देत.

उद्या उद्या करत शेवटी काल यंत्र कानात घातलं. कावळे किती ओरडतात गं आळीत, मला पत्ताच नव्हता. मुलीला फोन केला, तिचा आवाज तिच्या आजीसारखा झालाय. ती रडली, मीही रडले, आणि ते दोन्ही मला ऐकू आलं.

तेव्हा आता पत्रं पुरेत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी, टेबलाकडे नेत असताना, कधीही भीती वाटली की फोन कर. काही बोलली नाहीस तरी चालेल. मला ऐकू येतं.

मिल्कामावशी